स्वतःच्या ई-पुस्तकांच्या फाइल्ससाठी ई-रीडर कसा निवडावा?

धागाकर्ती

नमस्कार. गेल्या बारा-तेरा वर्षांत माझ्या संगणकावर ई-पुस्तकांचा बराच मोठा साठा झाला आहे. त्यातील काही पुस्तके प्रताधिकारमुक्त संग्रहांतून उतरवून घेतलेली आहेत, काही प्रकाशकांकडून कुलूप (नक्कल होऊ न देणारे संरक्षण) नसलेल्या स्वरूपात विकत घेतलेली आहेत, आणि काही घरचीच आहेत, म्हणजे माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर स्वतः संगणकावर टंकित करून ठेवलेले त्यांचे लेख. हे सगळे मी आजवर लॅपटॉपवर आणि फोनवर वाचत आले. परंतु आता संध्याकाळनंतर उजेडी स्क्रीनवर दीर्घकाळ वाचणे डोळ्यांना सोसत नाही, म्हणून ई-इंकचा, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनचा, ई-रीडर घ्यावा असे ठरवले आहे.

मी जी माहिती शोधली ती बहुतेक सगळी ‘कोणत्या कंपनीच्या दुकानात जास्त पुस्तके मिळतात’ या अंगाने लिहिलेली होती. माझा प्रश्न त्याच्या नेमका उलट आहे. मला दुकानातून फारसे काही घ्यायचे नाही. माझ्याजवळ जे आहे ते नीट वाचता यावे, एवढीच गरज आहे. फाइल यंत्रात कशी जाते, मराठी मजकूर कसा दिसतो, पीडीएफचे काय होते, आणि वाचताना केलेल्या खुणा व टिपणे पुन्हा बाहेर काढता येतात का, या मुद्द्यांवर प्रत्यक्ष वापराच्या अनुभवातून कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

प्रश्न योग्य टोकाकडून विचारला आहे. ई-रीडर निवडण्यापूर्वी आपल्या साठ्याची मोजदाद करावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. किती फाइल्स ईपब आहेत, किती मोबी, किती पीडीएफ आणि किती वर्डच्या, हे कागदावर मांडले की निम्मा निर्णय तिथेच होतो.

ईपब हे खुले मानक आहे. २००७ मध्ये ते अधिकृतपणे आले आणि आता त्याची देखभाल डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानके ठरवणारी संस्था करते, ३.३ ही आवृत्ती मे २०२३ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. ईपबची फाइल म्हणजे मुळात एक झिप गठडी असते आणि तिच्या आत वेबपानांसारखी प्रकरणे, सजावटीच्या सूचना, चित्रे व अनुक्रमणिका असतात. त्यामुळे ती कोणालाही उघडून तपासता येते आणि दुरुस्त करता येते. मोबीची कथा वेगळी आहे. मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी अमेझॉनने २००५ मध्ये विकत घेतली, किंडल या तिच्या ई-रीडरची आरंभीची सगळी घडण त्या स्वरूपावर झाली, आणि २०११ मध्ये त्याची जागा एझेडडब्ल्यू३ या किंडलच्याच नव्या स्वरूपाने घेतली. आज मोबी हे जुने, मागे पडलेले स्वरूप आहे. आपल्याकडे मोबी फाइल्स असतील तर त्या आताच ईपबमध्ये रूपांतरित करून मूळ फाइल शेजारी जपून ठेवावी.

यंत्रांच्या बाजूने पाहिले तर चार घराणी डोळ्यांसमोर येतात. कोबो केबलने जोडला की संगणकाला तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. ईपब त्यात नुसती टाकायची, केबल काढायची आणि वाचायला बसायचे. पॉकेटबुकचेही तसेच आहे. शिवाय डीजेव्हीयू, एफबी२, डीओसीएक्स अशी इतरत्र सहसा न चालणारी स्वरूपे तो थेट उघडतो आणि त्याच्या काही प्रारूपांत मेमरी कार्डाची खाचही असते. बूक्स हा अँड्रॉइडवर चालतो, म्हणजे वाचनाचे हवे ते अ‍ॅप त्यावर टाकता येते. मात्र त्याची बॅटरी इतरांच्या मानाने लवकर उतरते आणि यंत्र जुने झाले की अँड्रॉइडची आवृत्तीही जुनी होत जाते. किंडल केबलने टाकलेली ईपब उघडत नाही. ती ‘सेंड टू किंडल’ या सेवेमार्फत पाठवावी लागते, किंवा संगणकावरच तिचे एझेडडब्ल्यू३ करून टाकावी लागते. ही सेवा २०२२ पासून ईपब स्वीकारते, परंतु त्या वाटेने आपली फाइल कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तिथे तिचे रूपांतर होते, आणि यंत्रावर येते ती रूपांतरित प्रत. विकत घेतलेल्या पुस्तकांच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. वडिलांच्या अप्रकाशित लेखांच्या बाबतीत मात्र तो विचार आपण करावा.

कोबोविषयी एक बारकावा सांगून ठेवतो. त्याचे स्वतःचे केपब नावाचे एक उपस्वरूप आहे. साधी ईपब आणि केपब या दोन्ही त्या यंत्रात दोन वेगवेगळ्या इंजिनांनी दाखवल्या जातात, त्यामुळे एकच पुस्तक दोन प्रकारे टाकले तर समास, फॉन्ट आणि पाने उलटण्याचा वेग यांत फरक जाणवतो. एखादी ईपब नीट दिसली नाही तर यंत्राला दोष देण्यापूर्वी तीच केपब करून पाहावी.

धागाकर्ती

मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे काल बसून मोजदाद केली. ईपब ६४० च्या आसपास आहेत, मोबी ७० आणि पीडीएफ २१०; वडिलांचे लेख ४३ आहेत आणि ते सगळे वर्डमध्ये आहेत. पीडीएफपैकी अर्ध्याहून अधिक जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पाने आहेत. म्हणजे संख्येने ईपब जास्त असल्या, तरी मला ज्यांची ओढ अधिक आहे ती पुस्तके पीडीएफमध्येच आहेत, हे मोजल्यावर लक्षात आले.

प्रतिसाद २

मग पीडीएफविषयी आधी बोलायला हवे, कारण ई-रीडर घेऊन निराश झालेले जे लोक मला भेटले, त्यांची निराशा जवळजवळ प्रत्येक वेळी पीडीएफमुळे आलेली होती.

ईपबमधील मजकूर पाण्यासारखा असतो. भांड्याप्रमाणे तो आकार घेतो. पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचे चित्र असते आणि ते पान जेवढे मोठे, तेवढीच जागा त्याला लागते. सहा इंची स्क्रीनची प्रत्यक्ष मापे सुमारे ९ बाय १२ सेंटिमीटर भरतात. ए-४ आकाराचे पान तिच्यावर बसवले तर ते मूळच्या सुमारे दोन-पंचमांश होते, म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटच्या आसपास येते. स्क्रीनवर इंचाला ३०० ठिपके असले तरी एवढे बारीक अक्षर, त्यातही देवनागरीचे उकार आणि रफार, कोणालाही सुखाने वाचता येत नाहीत.

आता आपल्या जुन्या पुस्तकांकडे वळू. त्यांपैकी पुष्कळशी डेमी आकाराची, म्हणजे सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंचांची असतील. १०.३ इंची स्क्रीन जवळजवळ तेवढीच असते, त्यामुळे अशा पुस्तकाचे स्कॅन केलेले पान तिच्यावर मूळ आकारातच दिसते. ७.८ इंची स्क्रीनवर तेच पान सुमारे तीन-चतुर्थांश होते. पानाभोवतीचा कोरा समास छाटून टाकला तर तेही बऱ्यापैकी वाचता येते. ए-४ आकाराचे अहवाल किंवा प्रबंध वाचायचे असतील तर १३.३ इंची यंत्रे आहेत, पण ती हातात धरून नव्हे, टेबलावर ठेवून वाचण्याची वस्तू आहे.

छोटेच यंत्र घ्यायचे असेल तर दोन उपाय उरतात. समास छाटून पान आडवे धरावे आणि अर्धे-अर्धे वाचावे, हा पहिला. दुसरा म्हणजे केटूपीडीएफऑप्ट किंवा केओरीडर यांसारखे साधन वापरून पानावरच्या शब्दांची चित्रे कापून नव्या ओळींत मांडून घ्यावीत. हा दुसरा उपाय साध्या गद्याला लागू पडतो. तळटिपा, तक्ते किंवा कविता आल्या की मांडणी विस्कटते. स्कॅनचा मजकूर ओळखून त्याची ईपब करणे हा तिसरा मार्ग आहे आणि त्यासाठी टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठीही ओळखते, परंतु प्रत्येक पान मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय त्या मजकुरावर विसंबून राहू नये. मी एका १८० पानी पुस्तकासाठी हे केले, त्याला माझ्या सुट्टीचे तीन आठवडे लागले. पुस्तक प्रिय होते, म्हणून ते मला जड वाटले नाही; २१० पुस्तकांसाठी मात्र हा मार्ग नाही.

प्रतिसाद ३

मी अक्षरजुळणीच्या व्यवसायात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून मराठी मजकुराविषयी थोडे सविस्तर लिहिते. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘युनिकोडला आधार’ असे लिहिलेले असते, परंतु तेवढ्याने आपले काम होत नाही. युनिकोडमध्ये अक्षरे ज्या क्रमाने साठवली जातात त्या क्रमाने ती दिसत नाहीत. ‘कि’ लिहिताना क आधी साठवला जातो आणि पहिली वेलांटी नंतर, पण दिसताना ती क च्या आधी यायला हवी. रफार साठवणुकीत आधी येतो आणि दिसताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरे तर फॉन्टमधील नियम वाचूनच घडवावी लागतात. हे घडवण्याचे काम करणारा भाग वाचन-इंजिनात नसेल किंवा अर्धवट असेल, तर उत्तम फॉन्ट टाकूनही ‘विद्यार्थी’ हा शब्द पायमोडक्या अक्षरांत विखुरलेला दिसतो. माझ्या पहिल्या ई-रीडरवर नेमके हेच झाले होते. निर्मात्याचे नाव घेत नाही. इंग्रजी पुस्तके त्यावर सुरेख दिसत, आणि मराठी उघडले की प्रत्येक वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटलेली असे. ते यंत्र वाया जाणार असे वाटत असतानाच त्यावर केओरीडर हा मुक्त वाचक बसवता येतो असे कळले. तो अक्षरे घडवण्यासाठी हार्फबझ हा तयार सॉफ्टवेअर-भाग वापरतो, आणि त्यातून तेच पुस्तक पहिल्या क्षणापासून शुद्ध दिसू लागले. म्हणून माझ्या मते कोणत्याही यंत्राच्या बाबतीत पहिली चौकशी ही करावी की त्यावर केओरीडर बसतो का. कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइडवर चालणारी यंत्रे यांवर तो सरळ बसतो. किंडलवर त्यासाठी यंत्राचे कुलूप आधी मोडावे लागते आणि ते प्रत्येक आवृत्तीत शक्य नसते.

यंत्र घेण्याआधी पाहायला मिळत असेल तर पंधरा-वीस शब्दांची एक चाचणी-फाइल बरोबर न्यावी. माझ्या फाइलमध्ये हे शब्द असतात: विद्यार्थी, कृत्रिम, ज्ञानेश्वर, शृंगार, ब्राह्मण, उद्ध्वस्त, चिठ्ठी, अ‍ॅप, ऑक्टोबर, र्‍हास आणि दर्‍या. शेवटच्या दोघांवर विशेष लक्ष ठेवावे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दर्‍या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्याला’ वेगळा आणि ‘आचार्‍याला’ वेगळा. य ला जोडलेला हा आडवा र दोन प्रकारे साठवता येतो: एक तर ऱ हे वेगळे अक्षर वापरून, किंवा साध्या र आणि हलन्त चिन्हानंतर शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. काही रूपांतर-साधने फाइल ‘स्वच्छ’ करताना अशी अदृश्य चिन्हे काढून टाकतात, आणि मग पुस्तकातल्या सगळ्या दर्‍यांचा समुद्र होतो. वाचणाऱ्याला वाटते की लेखकाचे किंवा मुद्रितशोधकाचे चुकले, आणि दोघेही बिचारे निर्दोष असतात. या दोन पद्धतींमुळे शोधही फसतो. एका पद्धतीने लिहिलेला शब्द शोधला तर दुसऱ्या पद्धतीने साठवलेला सापडेलच असे नाही.

फॉन्टविषयी: मुक्ता, नोटो सेरिफ देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे मुक्त परवान्याचे आणि दीर्घ वाचनाला योग्य असे आहेत. कोबो आणि किंडल या दोन्हींत ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये फॉन्टची फाइल टाकली की ती निवडीत येते. फोल्डरचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत असावे. ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ईपबच्या आत पुस्तकाची भाषा नोंदवलेली असते. तिथे हिंदी किंवा इंग्रजी असे नोंदलेले असेल, तर जे फॉन्ट भाषेप्रमाणे ल आणि श यांची वळणे बदलतात ते मराठी वळण न देता हिंदी वळण देतात. भाषेची नोंद ‘मराठी’ अशी केली की आपल्या पाठ्यपुस्तकातला ल परत येतो. काही जणांना ही बाब क्षुल्लक वाटेल. ज्या ल वर आपण वाचायला शिकलो तो पानावर असणे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्या वडिलांच्या वर्ड-फाइल्स कोणत्या फॉन्टमध्ये आहेत, हे एकदा पाहून सांगाल का?

धागाकर्ती

आपला प्रतिसाद वाचून लगेच उघडून पाहिले. नंतरचे १६ लेख युनिकोडमध्ये आहेत. आधीचे २७ एका जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट काढून टाकला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ दिसतो. हे ई-रीडरवर येण्याची काही शक्यता आहे का?

प्रतिसाद ३

आहे, आणि काळजी करू नये. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसतोच. तो फॉन्ट ईपबमध्ये बांधून पाठवला तर दिसेल कदाचित, पण त्यात शोध चालणार नाही, शब्दकोश चालणार नाही, आणि वाचताना फॉन्ट बदलला की पुन्हा गोंधळ होईल. तेव्हा मजकूरच युनिकोडमध्ये आणावा. अशा प्रचलित फॉन्टसाठी रूपांतरक उपलब्ध आहेत. फॉन्टचे नेमके नाव शोधावे, कारण एकाच कुटुंबातील दोन फॉन्टमध्येही जागांची रचना वेगळी असू शकते. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे या तीन ठिकाणी हमखास चुका राहतात, म्हणून छापील प्रत असेल तर तिच्याशी ताडून वाचावे. २७ लेख म्हणजे फार नाहीत. हे काम मीही अनेकदा केले आहे. अडचण आली तर एक पान इथे मांडा, बघून सांगेन.

पीडीएफमधील मराठीबाबतही हेच लक्षात ठेवावे. पीडीएफ दिसायला शुद्ध असते, पण तिच्यातून मजकूर उचलून ईपब केली की वेलांट्या विस्थापित होतात, कारण पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे कुठे ठेवायची एवढीच नोंद नेमकी असते. पीडीएफचे थेट रूपांतर करून मराठी पुस्तक वाचण्याची आशा धरू नये.

प्रतिसाद ४

वरचे बरेचसे मुद्दे मान्य करूनही किंडलची बाजू मांडावीशी वाटते. मी आठ वर्षे स्वतःच्याच फाइल्स त्यावर वाचतो आहे. संगणकावर एझेडडब्ल्यू३ करून केबलने टाकलेली मराठी पुस्तके माझ्याकडे नीट दिसतात, जोडाक्षरे तुटत नाहीत. सेंड टू किंडलने पाठवलेल्या पुस्तकात मी फोनवर जिथे थांबलो तिथूनच पुढे यंत्रावर वाचता येते, आणि प्रवासात वाचणाऱ्याला ही सोय फार मोलाची असते. खुणा केलेली वाक्ये एका साध्या मजकूर-फाइलमध्ये साठत जातात आणि ती फाइल केव्हाही उचलून घेता येते. ज्यांच्याकडे किंडल आधीपासून आहे, त्यांनी केवळ ईपबसाठी नवे यंत्र घेण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

आधीपासून असेल तर माझेही मत तेच आहे. नवीन घेताना मात्र मी दुसरीकडे झुकतो, आणि त्याचे कारण सोयीचे नसून ताब्याचे आहे. जुलै २००९ मध्ये अमेझॉनने विकलेल्या काही पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांवरून परस्पर पुसल्या होत्या. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते हे कारण होते आणि पैसेही परत दिले गेले, पण पुस्तक आपल्या हातातून काढून घेता येते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हाही पैसे परत मिळाले आणि पुस्तके गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने टाकण्याची सोय काढून घेतली. आपल्या स्वतःच्या फाइल्स केबलने टाकण्यावर या शेवटच्या बदलाचा परिणाम झाला नाही, हेही तितकेच स्पष्टपणे सांगायला हवे. तरीही ज्याचा सगळा साठा स्वतःचा आहे, त्याने असे यंत्र घ्यावे ज्याला आपली फाइल आहे तशी चालते आणि ज्याला ती घेण्यासाठी कोणाच्या सर्व्हरला विचारावे लागत नाही.

केबलबद्दलही एक तांत्रिक बाब आहे. अलीकडची किंडल संगणकाला पेनड्राइव्हसारखी दिसत नाहीत. ती एमटीपी या पद्धतीने जोडली जातात. विंडोजवर फरक जाणवत नाही, परंतु मॅकवर वेगळे साधन वापरावे लागते. धागाकर्ती, आपण मॅक वापरत असाल तर हे ध्यानात घ्या.

प्रतिसाद ५

डोळ्यांचा उल्लेख झाला म्हणून थोडक्यात. ई-इंकचा प्रकाश मागून डोळ्यांत येत नाही, तो कडेच्या दिव्यांतून पानावर पसरतो. दिवा बंद करूनही कागदासारखे वाचता येते. प्रकाशाचा रंग पिवळसर करण्याची सोय असलेले यंत्रच घ्यावे, रात्रीच्या वाचनात तिचा फरक पडतो. रंगीत स्क्रीनचा मोह केवळ मजकूर वाचणाऱ्याने टाळावा. कॅलिडो ३ या प्रकारात काळापांढरा मजकूर इंचाला ३०० ठिपक्यांचा असला तरी रंग १५० ठिपक्यांचेच असतात, आणि रंगाच्या गाळणीमुळे पान मुळातच थोडे काळवंडलेले दिसते, त्यामुळे दिवा जास्त लावावा लागतो. बालचित्रपुस्तके किंवा नकाशे वाचणाऱ्यांची गोष्ट निराळी.

वजन मात्र हातात धरूनच ठरवावे. मोठी स्क्रीन घेतल्यावर मनगट दुखू लागले म्हणून मी वाचनच कमी केले होते, आणि ती चूक सुधारायला मला दुसरे यंत्र घ्यावे लागले.

प्रतिसाद ६

ग्रंथालयात काम केल्यामुळे मला यंत्रापेक्षा सूचीची काळजी अधिक वाटते. नऊशे फाइल्स एकदम यंत्रात ओतू नयेत. यंत्र प्रत्येक पुस्तक वाचून त्याची शब्दसूची बांधत बसते, त्या काळात ते मंदावते आणि बॅटरी उतरते; त्यातली एखादी फाइल बिघडलेली असेल तर ते तिथेच अडकून राहते. पन्नास-पन्नास पुस्तके टाकावीत.

त्याआधी संगणकावर कॅलिबर बसवावे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आज या कामाचा कणा आहे. त्यात सगळी पुस्तके घालावीत आणि शीर्षक, लेखक, मालिका, भाषा या नोंदी एकसारख्या कराव्यात. मराठीत याची गरज अधिक असते, कारण एकाच लेखकाचे नाव एका फाइलमध्ये देवनागरीत, दुसऱ्यात रोमनमध्ये आणि तिसऱ्यात आडनाव आधी असे असते, आणि यंत्रावर ते तीन लेखक होतात. मी घरच्या साठ्यात आधी लेखकांची नावे सुधारली आणि मगच मुखपृष्ठांकडे वळले. रूपांतर करायचे तर तेही कॅलिबरमध्येच होते; मूळ फाइल तशीच राहते, ती कधीही पुसू नये. साठ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर असावी. ई-रीडर ही वाचण्याची जागा आहे, साठवण्याची नव्हे.

कॅलिबर आपल्या घरातल्या वायफायवर एक छोटा सर्व्हरही चालवू शकते आणि केओरीडर त्यातून पुस्तके थेट ओढून घेतो, त्यामुळे दर वेळी केबल शोधावी लागत नाही.

टिपणांबद्दल आपण विचारले होते. कोबो खुणा आणि टिपणे एका डेटाबेस-फाइलमध्ये ठेवतो. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येत नाही, पण तिच्यातून ती काढून देणारी साधने आहेत. केओरीडर प्रत्येक पुस्तकाशेजारी एक फोल्डर करून त्यात ती ठेवतो आणि मजकूर-फाइल म्हणून बाहेरही काढून देतो. पीडीएफवर केलेल्या खुणा त्याच फाइलमध्ये राहाव्यात की वेगळ्या, हे आधी ठरवून तशी मांडणी निवडावी.

शब्दकोशाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. स्टारडिक्ट स्वरूपातील कोश केओरीडरमध्ये घालता येतो, पण मराठी शब्द प्रत्ययांसह येतो; ‘घराच्या’ वर बोट ठेवले तर कोशातील ‘घर’ आपोआप सापडत नाही. शब्द हाताने तोडून शोधावा लागतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि त्याप्रमाणे तीन आठवडे काम केले, म्हणून इथे नोंद करते.

एकाच यंत्राने दोन्ही कामे होणार नाहीत, हे आधी मान्य केले. पुस्तकांचा जो भाग मी रोज वाचणार तो ईपबचा आहे, म्हणून सात इंची, केबलने सरळ फाइल घेणारे आणि केओरीडर चालणारे यंत्र घेतले. स्कॅन केलेल्या पुस्तकांसाठी १०.३ इंची यंत्र पुढे घेईन. तोवर समास छाटून आणि पान आडवे धरून त्यांपैकी दोन वाचून पाहिली, वाचता आली, पण वेग निम्म्यावर आला. चाचणी-फाइल बरोबर नेली होती. दाखवायला ठेवलेल्या एका यंत्रावर ‘उद्ध्वस्त’ हा शब्द खरोखरच तसा झालेला दिसला. जे यंत्र घेतले त्याच्या मूळ वाचकात ‘र्‍हास’ मोडत होता. केओरीडर बसवल्यावर सगळे शब्द बरोबर आले.

मोबीच्या ७० पैकी ६६ नीट रूपांतरित झाल्या. उरलेल्या चार फाइल्स कुलूपबंद निघाल्या; त्या मी कुठून घेतल्या हे आठवत नाही, म्हणून त्या बाजूला ठेवल्या आहेत. लेखकांच्या नावांची दुरुस्ती अजून चालू आहे.

वडिलांच्या २७ लेखांपैकी ११ युनिकोडमध्ये आले. फॉन्टचे नाव शोधायला वेळ लागला, पण सापडले. एका लेखात ते लहानपणीच्या पायवाटांबद्दल लिहितात आणि रूपांतरानंतर तिथे ‘दोन्ही बाजूंना दर्या’ असे आले होते. प्रतिसाद ३ मध्ये वाचले नसते तर मी ते तसेच जाऊ दिले असते. त्यांच्या हस्तलिखितात पाहिले. तिथे य च्या आधीचा तो आडवा र त्यांनी ठळक काढलेला आहे. आता एकच शंका आहे: हा शब्द सगळ्या लेखांत एकदम शोधून बदलावा, की प्रत्येक ठिकाणी वाचून?

प्रतिसाद ३

प्रत्येक ठिकाणी वाचूनच बदलावा. त्यांनी कुठेतरी खराखुरा दर्याही लिहिलेला असू शकतो. बदलताना ऱ हे वेगळे अक्षर वापरा, अदृश्य जोडचिन्हाची पद्धत नको. म्हणजे पुढे कोणत्याही साधनातून फाइल गेली तरी तो र टिकेल. वाऱ्यावर, साऱ्या, कोपऱ्यात, दुसऱ्या, तुऱ्यांचा हे शब्दही त्याच फेरीत तपासून घ्या, कारण त्या फॉन्टच्या रूपांतरकात हा दोष असेल तर तो या सगळ्यांत असणार.